दारं उघडली म्हणून नाटकाचा चित्रपट होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शोकांत नाटकावर बेतलेला चित्रपट लागला की परीक्षणात एक वाक्य हमखास वाचायला मिळतं : दिग्दर्शकाला नाटकाच्या चौकटीतून बाहेर पडता आलं नाही. निर्मात्यांच्या बैठकीत हीच गोष्ट ‘जरा बाहेर काढा हो त्याला’ अशी ऐकू येते. मग कोकणातलं घर येतं, होडी येते, एखादी जत्रा येते आणि ड्रोनमधून सी-लिंक दिसतो. नाट्यसंहितेवरून पटकथा बांधण्याचं काम करणाऱ्या आम्हा दोघांचं म्हणणं नेमकं उलटं आहे. शोकांतिका कोंडमाऱ्यावर जगते. चित्रपट नाटकी वाटतो तो वेगळ्याच कारणांनी, आणि त्यातली बरीचशी कारणं होडीच्या भाड्यापेक्षा कमी पैशांत दूर होतात.

आधी विंगेतल्या घटनांबद्दल. शोकांतिकेत सगळ्यात भयंकर गोष्ट बऱ्याचदा प्रेक्षकांच्या नजरेआड घडते. सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’मध्ये राणीने घेतलेला गळफास आणि राजाने फोडून घेतलेले डोळे आपल्याला दिसत नाहीत, दूत येऊन सांगतो. ‘मॅकबेथ’मध्ये डंकनचा खून आतल्या दालनात होतो आणि रक्ताळलेल्या हातांनी मॅकबेथ बाहेर येतो. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात हा खून दाखवलेला असतोच, कारण कॅमेरा आत जाऊ शकतो. रोमन पोलान्स्कीने 1971 च्या चित्रपटात तो दाखवलाही. पण अकिरा कुरोसावाने 1957 च्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये काय केलं ते पाहा. नवरा भाला घेऊन आत जातो आणि कॅमेरा बायकोपाशीच थांबतो. तो परततो तेव्हा भाल्यावरची त्याची मूठ इतकी आवळलेली असते की तिला तो भाला त्याच्या हातातून सोडवून घ्यावा लागतो. खून दाखवला असता तर प्रेक्षक मेलेल्या माणसाकडे पाहत बसला असता. इथे तो त्या दोघांमध्ये अडकतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ‘एकच प्याला’. गडकऱ्यांच्या निधनानंतर, 1919 मध्ये, गंधर्व मंडळीने ते रंगमंचावर आणलं. आज त्याची पटकथा करायला बसलेला माणूस सर्वात आधी नाटकात पडद्याआड घडणारा कोर्टाचा प्रसंग रंगवून लिहील. भरलेलं कोर्ट, मुन्सफ, नायक सुधाकर वकिलाचा अपमान, सनद जाणं, सगळं ‘सिनेमॅटिक’. पण मुन्सफाचा चेहरा पडद्यावर आला की प्रेक्षक लगेच न्यायाधीश होतो : चूक कोणाची? मुन्सफ दुष्ट ठरला तर सुधाकर बिचारा ठरतो, सुधाकर उद्धट ठरला तर ‘भोगा आता’ असं वाटतं. दोन्हींत नाटक हातचं जातं. शिकलेला, मानी, बायकोवर जीव असलेला माणूस तळीरामासारख्या माणसाच्या हातून पहिला प्याला का घेतो, हे त्याचं मर्म आहे, आणि ते कोर्टात सापडत नाही. म्हणून पडद्याआड काय काय घडतं याची यादी करावी आणि तिच्यातली दृश्यं वाढवण्याआधी दहा वेळा विचार करावा.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पटकथा उभी राहत नाही. भिंतीवर एक तक्ता लावायचा. आडव्या ओळींत प्रवेश, उभ्या रकान्यांत पात्रं आणि प्रत्येक चौकोनात त्या क्षणी त्या पात्राला काय ठाऊक आहे. ‘ऑथेल्लो’चा तक्ता करून पाहा. रुमाल ऑथेल्लोच्या बायकोकडून, डेस्डेमोनाकडून पडतो, तिची सखी एमिलिया उचलते, एमिलियाचा नवरा इयागो घेतो, ऑथेल्लोच्या हाताखालच्या कॅशिओच्या खोलीत टाकतो आणि तिथून तो कॅशिओच्या मैत्रिणीकडे, बियांकाकडे पोचतो. पुढे ऑथेल्लो बायकोकडे रुमाल मागत ओरडतो तेव्हा एमिलिया तिथेच उभी आहे. रुमाल कुठे गेला हे तिला माहीत आहे आणि ती गप्प आहे. रंगमंचावर ती बाजूला असते, आपलं लक्ष भांडणाऱ्या दोघांवर असतं, त्यामुळे निभावून जातं. चित्रपटात तिचा एकच क्लोजअप घेतला की सगळं थिएटर विचारतं, ही बोलत का नाही? मग एक तर तिला भांडणाच्या चौकटीबाहेर ठेवायचं, नाही तर तिला वाटणारी नवऱ्याची भीती दोन-तीन प्रवेश आधी पेरून ठेवायची. तक्ता केला नसेल तर हा खड्डा एडिट टेबलवर कळतो आणि तेव्हा भरायला काही हातात नसतं.

त्याच रुमालाबद्दल आणखी थोडं. रंगमंचावर शेवटच्या रांगेला रुमालावरचं नक्षीकाम दिसणं शक्यच नाही, म्हणून संवादांतून त्याचं वर्णन पुन्हा पुन्हा करावं लागतं. चित्रपटात दोन सेकंदांच्या इन्सर्टमध्ये, म्हणजे नुसती वस्तू दाखवणाऱ्या शॉटमध्ये, ते काम होतं. तेवढी वाक्यं बिनधास्त कापावीत. पण इन्सर्ट तीन-चारदा आला की रुमाल इतका ठळक होतो की ऑथेल्लोच्याच डोळ्यांना तो कसा दिसला नाही, असा प्रश्न पडतो. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओमकारा’त 2006 साली रुमालाचा कमरबंद झाला. ही निवड हुशारीची होती. कमरबंद अंगावर मिरवायची वस्तू आहे, लांबूनही ओळखू येते, आणि ती दुसऱ्या बाईच्या कमरेला दिसणं याचा अर्थ आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये ‘झुंझारराव’ लिहिताना हेच नाटक मराठी घरात आणून बसवलं होतं, त्यामुळे ही वाट आपल्याला नवी नाही.

काळाचं गणित याहून अवघड. सायप्रसला पोचल्यावर ‘ऑथेल्लो’तल्या घटना नीट मोजल्या तर जेमतेम दीड-दोन दिवसांत उरकतात. पण बियांका कॅशिओला म्हणते, आठवडाभर फिरकला नाहीस. रंगमंचावर हा घोळ कोणी पकडत नाही. पडद्यावर ऊन, कपडे, दाढीचे खुंट, ताटातलं अन्न हे सगळं काळ सांगत असतं. शेड्यूल करताना प्रत्येक दृश्याला दिवस 1, रात्र 1 असे आकडे द्यावे लागतात, कारण वेशभूषा आणि कंटिन्युइटी (दृश्यादृश्यांतला सलगपणा) त्यावरच चालतात. तिथे घोळ उघडा पडतो. मग कोणी तरी सुचवतं, मध्ये महिनाभर गेला असं दाखवू. तसं केलं की नाटक कोसळतं, कारण महिनाभरात नवरा-बायको एकदा तरी धड बोलतील आणि बायकोचं कॅशिओशी सूत आहे हे इयागोचं खोटं उघडं पडेल. खोटं टिकतं ते घाईमुळे. इलाज साधा आहे : आठवड्याचं ते वाक्य काढा आणि मधली जास्तीत जास्त दृश्यं रात्रीची, घरातली ठेवा.

कापाकापीविषयी लोकांचा समज असा की प्रत्येक प्रवेशातली थोडी थोडी वाक्यं खुडायची. त्याने संहितेचा ठेका तेवढा जातो, लांबी फारशी घटत नाही. ‘हॅम्लेट’ सुमारे 30,000 शब्दांचं आहे. केनेथ ब्रानाने 1996 मध्ये ते पूर्ण घेतलं तर चित्रपट चार तासांचा झाला. लॉरेन्स ऑलिव्हिएने 1948 मध्ये फोर्टिनब्रास, रोझेन्क्रान्त्झ आणि गिल्डनस्टर्न ही पात्रंच्या पात्रं काढली आणि अडीच तासांच्या आसपास बसवलं. फोर्टिनब्रास गेल्यामुळे नाटकातलं राजकारण गेलं, उरली एका घरातली गोष्ट. हा व्यवहार पटो न पटो, तो ठरवून केलेला होता. मराठी संहितेत आधी जायला हव्यात त्या जागा ठरलेल्या असतात. कोण आलं हे सांगणारी वाक्यं, उशिरा येऊन बसणाऱ्यांसाठी केलेली पुनरुक्ती, मध्यंतरानंतर पहिल्या पाचेक मिनिटांत दिलेली आठवण, आणि नुकतंच डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरचं भाष्य. एवढं काढलं तरी बरीच पानं मोकळी होतात आणि नाटकाला धक्का लागत नाही.

विनोदी उपकथानकावर मात्र घाईने कात्री चालवू नये. ‘एकच प्याला’तलं आर्यमदिरामंडळ, म्हणजे दारुड्यांचा अड्डा, आजच्या पटकथाकाराला फालतू वाटतं. पण आपण ज्या पिण्यावर हसतो त्याच पिण्याने तळीराम मरतो आणि सुधाकरचा रस्ता आपल्याला आधीच दिसून जातो. ते काढलं तर उरतो नुसता त्याच्या बायकोचा, सिंधूचा छळ, आणि दोन तासांचा छळ कोणी पाहू शकत नाही. मंडळाच्या तीन बैठका ठेवाव्यात, पहिली लांब, पुढच्या आखूड होत जाणाऱ्या, आणि शेवटच्या बैठकीत हसू येऊ नये. जाता जाता : पिण्याच्या दृश्याखाली इशाऱ्याची ओळ येते हे धरूनच चौकट लावा. या नाटकात ती ओळ जवळजवळ मुक्कामालाच येणार, तेव्हा महत्त्वाचे हात आणि पेले पडद्याच्या तळाशी ठेवू नका.

आता सोफा. नाटकात सोफा प्रेक्षकांकडे तोंड करून असतो, माणसं एका रेषेत बसतात आणि एकमेकांशी बोलताना समोर पाहतात. चित्रपटाच्या सेटवर तोच सोफा तसाच ठेवला की काम संपलं, मग कॅमेरा कितीही फिरवा. सेटचा आराखडा करताना कलादिग्दर्शकाला पहिला प्रश्न विचारावा : चौथ्या भिंतीवर काय आहे? रंगमंचावर ती भिंतच नसते, त्यामुळे संहितेत तिचा उल्लेख सापडत नाही. तिथे खिडकी असेल तर बाहेर कोण दिसतं? समोरच्या गॅलरीतली शेजारीण? ही भिंत ठरली की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून उलटा शॉट मिळतो आणि खोली चारही बाजूंनी बंद होते. सामान भिंतीला टेकवून न ठेवता मधोमध आणावं, म्हणजे माणसांना वळसा घालून जावं लागतं, पाठ फिरवावी लागते. बाप बोलताना मुलाची पाठ दिसणं हे नाटकात वर्ज्य, इथे सोन्यासारखं.

खरी खोली की सेट, हाही प्रश्न येतोच. गिरगावातल्या चाळीतली 10 बाय 12 फुटांची खोली कागदावर छान वाटते. 50 मिमीची लेन्स सुपर 35 (सुमारे 25 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 10 फुटांवरून जेमतेम 5 फूट रुंदी टिपते, आणि कॅमेरा, तिपाई, चालवणारा माणूस यांतच तीनएक फूट जातात. म्हणजे दोघांना एका चौकटीत घेताना मागे भिंत आडवी येते. 24 मिमी लावली तर दोघं मावतात, पण कडेच्या माणसाचा चेहरा ताणला जातो आणि करुण प्रसंगाला नको तो विनोदी रंग चढतो. म्हणून मोजकी महत्त्वाची खोली गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा एखाद्या गोडाऊनमध्ये निघणाऱ्या भिंतींची बांधावी, पण मापं मूळ खोलीचीच ठेवावीत. कॅमेऱ्याच्या सोयीसाठी खोली 20 फुटांची केली की कोंडमारा गेला. जिना, गॅलरी, नळ मात्र खऱ्या चाळीतलेच घ्या.

आवाजाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायची सवय असलेला नट वाक्याचं शेपूट वर उचलतो आणि टाळीची जागा सोडतो. कपड्याला लावलेल्या लेपल माइकसमोर हे ओरडल्यासारखं वाटतं आणि सोडलेली जागा विसरल्यासारखी. त्याला ‘कमी कर’ सांगून उपयोग नसतो, तो ऊर्जाच कमी करतो. समोरच्या पात्राला जवळ आणून बसवा, दोघांत दोन फुटांचं अंतर ठेवा, आवाज आपोआप खाली येतो. दोघांची वाक्यं एकमेकांवर चढवायची असतील तर ती टू-शॉटमध्ये, म्हणजे दोघं एकाच चौकटीत असताना, चढवा. क्लोजअपमध्ये चढवली तर संकलकाला कुठेच कापता येत नाही. प्रत्येक जागी माणसं हलण्याआधी किमान 30 सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करून ठेवा. मुंबईत तिच्यात पंखा, कबुतरं आणि लांबची लोकल असते. संवादांमधल्या मोकळ्या जागांत ती घातली नाही तर मौनाच्या जागी आवाज तुटल्यासारखा वाटतो. ‘किंग लिअर’च्या जातीचं वादळ असेल तर पावसाचं यंत्र आणि पंखे यांत थेट संवाद मिळत नाहीत, डबिंग धरूनच चाला. शिवाय पाऊस मागून उजेड दिल्याशिवाय कॅमेऱ्यात दिसत नाही, टँकर रिकामा होतो आणि नट नुसताच ओला दिसतो.

स्वगताचं काय करायचं, यावर आम्हा दोघांतही एकमत नाही. मनातला आवाज म्हणून वरून ऐकवणं सोपं, पण पाचव्या ओळीला नटाकडे करायला काही उरत नाही, तो क्षितिजाकडे बघत बसतो. ब्रानाच्या हॅम्लेटने प्रसिद्ध स्वगत आरशासमोर म्हटलं आणि आरशामागे राजा उभा होता. त्यामुळे स्वगताला कान मिळाले, धोकाही मिळाला. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ 1970 चं. 2016 च्या चित्रपटात नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र आला आणि बेलवलकरांना बोलायला माणूस मिळाला. दोन थोर नटांची जुगलबंदी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. आमच्यापैकी एकाच्या मते त्या पात्रामुळे चित्रपट तरला. दुसऱ्याच्या मते बरोबरीचा मित्र असलेला म्हातारा तितका एकटा राहत नाही, आणि ते नाटक एकटेपणाचंच आहे.

संगीत शोकांतिकेत पदं हा आणखी गुंता. रंगमंचावर पदाने काळ थांबतो, वन्समोअरही चालतो. पडद्यावर पद कामाला जोडावं. दळताना म्हटलेलं पद, मुलाला झोपवताना म्हटलेलं पद, एवढी ठेवावीत. जात्याचा आवाज थेट घेतला तर गाणं बुडतं, म्हणून पद आधी रेकॉर्ड करावं आणि जात्याची घरघर वेगळी घेऊन नंतर हवी तेवढी मिसळावी. एक गोष्ट मात्र लपत नाही : जात्याचा फेरा आणि सम जुळली पाहिजे. नटीला ध्वनिमुद्रण देऊन आठवडाभर आधी दळायला बसवा. खुंटा धरलेला हात आणि खांदा लयीत नसेल तर गळा कोणाचाही असो, ते खोटं दिसतं.

मध्यंतर आपल्याकडे टळत नाही. ते भीतीच्या टोकावर नको, परत फिरता येणार नाही असं पाऊल पडल्यानंतर हवं.

हक्कांबाबत फार ढिलाई चालते. आपल्या कायद्यात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. गडकरी मोकळे आहेत, शिरवाडकर 2059 अखेरपर्यंत आणि तेंडुलकर 2068 अखेरपर्यंत नाहीत. शेक्सपिअर फुकट असला तरी त्याचा मराठी अनुवाद फुकट नसतो. ‘एकच प्याला’तली पदं वि. सी. गुर्जरांची, त्यामुळे ती वेगळी तपासावी लागतात, आणि जुन्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क त्याहून निराळा. करार लेखीच हवा. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि वेगळं ठरलं नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास तो परत जातो. पटकथा लिहायलाच वर्ष जातं हे लक्षात ठेवून मुदत घाला. नाटकाला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र होतं म्हणून चित्रपट प्रमाणन मंडळ काही कमी विचारत नाही.

राहिली तालीम. नाटकाला महिनाभर मिळते, चित्रपटाला मिळतो एक वाचनाचा दिवस, तोही चहा-फोटोंचा. 120 पानांची पटकथा 30 दिवसांत उरकायची तर दिवसाला चार पानं होतात. पहिल्या दिवशी पाचव्या अंकातला मृत्यू आणि दहाव्या दिवशी पहिली भेट, असा क्रम लोकेशनच्या सोयीने लागतो. नटाला पात्राच्या घसरणीचा अंदाज राहावा म्हणून तयार सेटवर आठ दिवसांची सलग तालीम, पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत, बजेटात लिहून ठेवावी. ड्रोन काढला की तिचे पैसे निघतात.

आपल्या परीक्षकांना एक विनंती. नाटकावरच्या चित्रपटाच्या परीक्षणाबरोबरच्या चौकटीत मूळ नाटकाचं नाव, लेखक, पहिल्या प्रयोगाचं वर्ष आणि परकीय नाटक असेल तर अनुवादक किंवा रूपांतरकार यांचं नाव छापावं. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत ते बऱ्याचदा इतक्या वेगाने सरकतं की वाचून होत नाही.

आपले,
दोन पटकथाकार, माहीम, मुंबई